मंडाले, व्हाया रत्नागिरी

कॉलेजातल्या एका वहीच्या शेवटच्या पानावर माझी गावांची यादी आहे. मंडाले, समरकंद, झांजिबार, लेह, हंपी. लेह आणि हंपीवर बरोबरची खूण झालेली आहे. मंडाले मात्र पहिल्या ओळीत असून तसंच राहिलंय. शाळेत ‘टिळकांनी गीतारहस्य कुठे लिहिले?’ या एका मार्काच्या प्रश्नातून ते नाव डोक्यात शिरलं आणि बाहेर पडलंच नाही. २०२० च्या मार्चमध्ये जायचं ठरलं होतं, तर सगळं जगच बंद झालं. २०२१ च्या फेब्रुवारीत तिथं लष्करानं सत्ता घेतली. मग सासऱ्यांचं आजारपण, आईच्या खुब्याचं ऑपरेशन, मुलाची दहावी. २०२५ च्या मार्चमध्ये मंडालेजवळच मोठा भूकंप झाला तेव्हा बातम्या बघताना मी त्या शहरातल्या माणसांऐवजी स्वतःच्याच यादीचा विचार केला. त्याची लाज वाटायला दोन दिवस लागले.

मोठी ट्रॉलीबॅग आता माळ्यावर आहे आणि तिच्यात रजया भरल्यात. घरात कोणी मला ‘नको जाऊस’ असं कधीच म्हटलं नाही. म्हणून तर राग कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

अशात डिसेंबरात आई म्हणाली, “मला एकदा माहेरी फिरवून आण. वहिनी एकटीच आहे.” तिचं माहेर रत्नागिरीच्या खाली, पावसच्या पुढे. मी हो म्हटलं, पण माझ्या तोंडावरचा नूर तिनं पाहिला असणार.

उंब्रजला महामार्ग सोडून आम्ही पाटणकडे वळलो. आईला गाडीत झोप लागत नाही. ती पाट्या वाचते, मोठ्यानं. खताची दुकानं, मंगल कार्यालयं, उमेदवारांचे फलक, ‘येथे शुद्ध गुऱ्हाळाचा गूळ मिळेल’. वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या दिसल्या तेव्हा तिथं वाचायला काही नाही म्हणून तिनं त्या मोजल्या.

पुढे कोयना. या नदीचं मला नेहमीच नवल वाटतं. महाबळेश्वरला जन्मते, कराडला कृष्णेला मिळते आणि तिच्या हातात हात घालून बंगालच्या उपसागराकडे जाते. म्हणजे जायला हवी. हेळवाकजवळ तिला धरणानं अडवलं आणि तिचं पुष्कळसं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला वळवलं. डोंगरावरून खाली पोफळीच्या बाजूला पडताना ते वीज करतं. सगळे टप्पे धरून या प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॉट आहे. वीज करून झाली की तेच पाणी वाशिष्ठी नदीत सोडतात आणि ते दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतं. पूर्वेच्या समुद्राकडे निघालेलं पाणी पश्चिमेच्या समुद्रात! या धरणाखाली ज्यांची गावं गेली तीही माणसं अशीच कुठं कुठं नेऊन वसवली गेली. आईला कोयना म्हटलं की फक्त ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आठवते. “फळीवरची पितळी भांडी एकदम खाली. बाबा म्हणाले, मांजर. मग मांजरच आमच्या आधी बाहेर पळालं.”

कुंभार्ली घाट उतरताना हवा बदलते ती आधी कातडीला कळते. चिपळूणच्या पुढे मुंबई-गोवा महामार्ग. त्याच्या कामाविषयी लिहायला घेतलं तर हा लेख तिथंच संपेल, तेव्हा ते सोडून देते.

रत्नागिरीत आईला बाजार करायचा होता. मला थिबा राजवाडा बघायचा होता. मंडालेला जाता येत नाही तर मंडालेचा राजा तरी बघू, असा माझा हिशेब. आधी राजवाडा, मग बाजार, असं ठरलं.

राजवाडा म्हटल्यावर मनात जे येतं त्यापेक्षा ही इमारत साधी आहे. तांबडा चिरा, उतरती छपरं, अर्धगोल खिडक्यांना लाकडी नक्षी, रंगीत काचा. लाकूड ब्रह्मदेशातल्या सागाचं. मध्यंतरी बरीच वर्षं इथं सरकारी तंत्रनिकेतन भरत असे. राजाच्या दिवाणखान्यात पोरांनी यंत्रांची चित्रं काढली असतील. आता संग्रहालय आहे.

थिबा हा ब्रह्मदेशाच्या कोनबाँग घराण्याचा शेवटचा राजा. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि त्याला, राणी सुपयालतला आणि सोबतच्या मंडळींना बोटीवर चढवलं. आधी मद्रास, मग १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरी. वय सत्तावीस. त्याच्या आधी इंग्रजांनी दिल्लीच्या बहादूरशहा जफरला रंगूनला नेऊन ठेवलं होतं, आता रंगूनच्या वरचा राजा कोकणात आणला. रेल्वे नसलेलं, एका बाजूला सह्याद्री आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असलेलं हे गाव कैद्याला ठेवायला सोयीचं होतं. हा राजवाडा त्याला लगेच मिळाला नाही. चोवीस वर्षं सरकारी बंगल्यांत काढल्यावर १९१० मध्ये तो इथं राहायला आला आणि डिसेंबर १९१६ मध्ये गेला. रत्नागिरीत तीस वर्षं, राजवाड्यात सहा.

मी चकित झाले ती तारखांची जुळवाजुळव करताना. टिळकांचा जन्म १८५६ चा, याच गावातला. त्यांचं घर टिळक आळीत अजून जपून ठेवलंय. १९०८ ते १९१४ ते मंडालेच्या तुरुंगात होते. म्हणजे ती सहा वर्षं रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेत आणि मंडालेत राज्य केलेला माणूस रत्नागिरीत. एकाच सरकारनं दोघांच्या गावांची अदलाबदल करून टाकली होती. १९१२ मध्ये टिळक तिकडे असताना इकडे पुण्यात सत्यभामाबाई वारल्या. त्याच वर्षी रत्नागिरीत थिबाची धाकटी राणी सुपयागले वारली. शाळेत हे कुणी शिकवलं नाही. शिकवलं असतं तर माझ्या यादीत पहिलं नाव कदाचित रत्नागिरीचं आलं असतं, आणि पुण्याहून ते एका दिवसाच्या वाटेवर आहे.

वरच्या मजल्यावरून भाट्याची खाडी आणि समुद्र दिसतो. राजा इथं उभा राहून बोटी बघत असे, असं रत्नागिरीत सगळे सांगतात. आई खिडकीशी टेकून म्हणाली, “बिचारा. एवढं छान घर, आणि एकदाही कुणी म्हणालं नसेल, चला, आता निघायला हवं.” घरातल्या ‘आता निघायला हवं’ या वाक्याला मी वर्षानुवर्षं वैतागत आले. परतीची गाडी, परतीचं आरक्षण, सोमवारचा डबा. थिबाला एवढंच हवं होतं.

पण याच घरातली दुसरी गोष्ट याच्या बरोबर उलट आहे. थिबाच्या पश्चात, १९१९ मध्ये राणी आणि मुलींना ब्रह्मदेशात परत जाऊ दिलं. राजाचं शव बरोबर न्यायला मात्र परवानगी मिळाली नाही. थिबा आणि सुपयागले यांच्या समाध्या रत्नागिरीतच आहेत. थोरली राजकन्या मंडालेहून निघाली तेव्हा पाच वर्षांची होती, परत गेली तेव्हा चाळिशीला टेकलेली. तिकडे काही ती रमली नाही. तिचं मन रत्नागिरीतल्या गोपाळ सावंत या राजवाड्यातल्याच नोकरावर होतं. तो आधीच विवाहित. त्याच्यापासून तिला मुलगी झाली होती. राजकन्या पुन्हा इथंच आली आणि १९४७ मध्ये इथंच वारली. तिची मुलगी टूटू रत्नागिरीकरांसारखी मराठी बोलत, गरिबीत संसार करत राहिली आणि २००० साली गेली. बापाची हद्दपारीची जागा लेकीचं घर झाली. राजवाड्यातल्या फलकांवर पहिली गोष्ट सविस्तर सापडते. दुसरी रत्नागिरीच्या माणसांना विचारावी लागते.

बाजारात आईनं वहिनीसाठी मऊ पानांची तंबाखू घेतली आणि ती माझ्यापासून लपवली.

भाट्याचा पूल ओलांडला की जांभ्याचा सडा सुरू होतो. डिसेंबरात त्याच्यावरचं गवत वाळून पिवळंजर्द झालेलं असतं, मध्येच तांबडी चिरेखाण, कापलेल्या केकसारखी. सड्यावरून उतरलं की आंबा-काजू, आणखी उतरलं की माडपोफळी. पावस मागं टाकलं. गडग्यांमधली पाखाडी उतरायला आईला एरवी अर्धा तास लागला असता. ती काठी माझ्याकडे देऊन दहा मिनिटांत खाली पोचली.

मामी खळं चोपत होती. पावसाळ्यात उखडलेलं अंगण माती टाकून, पाणी मारून, लाकडी चोपण्यानं बडवून सपाट करायचं आणि मग शेणानं सारवायचं. अडुसष्टाव्या वर्षी, एकटी. आईला बघून तिनं चोपणं खाली टाकलं. “वन्सं! फोन तरी करायचात. घरात भाकरीला पीठ नाय.” पीठ होतं. तांदळाच्या भाकऱ्या, कुळथाचं पिठलं, सुक्या जवळ्याची चटणी, सगळं तासाभरात पानात होतं.

हे घर म्हणजे ओटी, पडवी, माजघर आणि मागे न्हाणी. सातबाऱ्यावर एकोणीस नावं आहेत. त्यातली सतरा मुंबई, ठाणे, विरार, वापीत आणि एक शारजात राहतात. गणपतीला सगळी येतात, घर ओसंडून वाहतं. विसर्जन झालं की परत मामी आणि मांजर. कोकणातल्या वाडीवाडीत हेच दिसतं. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागं ११२२ बायका होत्या. महाराष्ट्रात तोच आकडा ९२९. म्हणजे कोकणात मुली जास्त जन्मतात असं नाही, पुरुष बाहेर असतात. आणि आता तर पुरुषांच्या पाठोपाठ कुटुंबंही जातात: २००१ ते २०११ या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या जवळजवळ १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली. सारा देश वाढत असताना इथली माणसं कमी झाली.

मामा लालबागला गिरणीत होते. गावकऱ्यांच्या सामायिक खोलीत पाळीपाळीनं झोपायचे. एकाची पाळी सुटली की दुसऱ्याची वळकटी उलगडायची. घरी यायचे गणपतीला आणि शिमग्याला. बाकी वर्षभर मनिऑर्डर. रात्री मामीनं माजघरातल्या खुंटीवरची एक तार काढून दाखवली. तारेत ओवलेली मनिऑर्डरची कुपनं. पोस्टमन पैसे देताना खालचा तुकडा फाडून द्यायचा, त्यावर दोन ओळी लिहायला जागा असे. मामांचं अक्षर बारीक, ओळी काटकसरीच्या. ‘पाऊस कसा आहे. म्हशीस डॉक्टर आणणे.’ ‘तब्येत बरी. छपराचे बघणे.’ एकावर नुसतं ‘येतो.’ सात वर्षांचा संसार त्या तारेवर आहे. मामीला वाचता येतं, पण तिनं ती वाचली नाहीत. एकेक बोटानं सरकवत गेली, जपाच्या माळेसारखी.

“मग बंद कधी झाली?” मी विचारलं.

“संप झाला ना. ब्यायशी साली.”

जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. लाखांवर घरं त्यानं उघड्यावर आणली. आमच्या घरातही त्याचं बोलणं नेहमी हळहळत व्हायचं. मामी तार खुंटीला अडकवत म्हणाली, “सगळी रडत होती. माझा नवरा घरी आला. मी कशाला रडू?”

त्या रात्री मला माझा लेहचा लेख आठवला. एका दिवाळी अंकात आला होता, बरीच पत्रं आली होती. त्यात खारदुंग ला आहे, बटर टी आहे, हेमिसची गोंपा आहे. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. पंधरा दिवस आई आमच्याकडे येऊन राहिली होती, त्याच्या गोवरासकट. ते त्या लेखात कुठंही नाही. हंपीच्या लेखातही नाही. प्रवासवर्णन लिहिणाऱ्यांची ही जुनी खोड आहे. आपण जणू आकाशातून थेट घाटमाथ्यावर पडलो असं आपण लिहितो, आणि मागं कोण गॅस बंद करायला राहिलं ते संपादकांनाही नको असतं.

सकाळी शेजारच्या बागेत फवारणी चालू होती. आंब्याला मोहोर धरला होता. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचं नावही दर्यावर्दी: पोर्तुगीजांच्या अफोन्सोचं आपण हापूस केलं. पण आता त्या हापूसची राखण करतात ते नेपाळी. दिवाळीनंतर ते कोकणात उतरतात, मोहोरापासून पेटीपर्यंत सगळी कामं करतात, रात्री टॉर्च घेऊन बागा राखतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात. गावातली पोरं बागेतल्या मजुरीला थांबत नाहीत, ती मुंबईला जातात. मुंबईला जाणाऱ्यांची जागा घ्यायला हिमालयाच्या पायथ्याहून माणसं येतात. गावात सगळे त्यांना ‘गुरखे’ म्हणतात, सरसकट. शेजारच्या बागेत राहणारं जोडपं पश्चिम नेपाळातल्या अछामचं. बाई तिशीच्या आतली. ती मामीला ‘आमा’ म्हणते. पहिल्या वर्षी मामीला वाटलं, आंबा म्हणतेय.

संध्याकाळी ती आमच्या ओटीवर येऊन बसली, कारण रेंज तिथंच येते. व्हिडिओ कॉलवर तिची सासू आणि आठेक वर्षांची मुलगी. मुलीनं वही कॅमेऱ्याला लावली. मग फोन चुलीकडे नेला, भांड्यात काय शिजतंय ते दाखवलं. इकडून ही म्हणाली काहीतरी, आणि तिकडे सासूनं झाकण ठेवलं. दीड-दोन हजार किलोमीटरांवरून. मामीही फोनमध्ये डोकावली आणि मराठीत म्हणाली, “पोरगी वाळलीय.” तिकडची म्हातारी हसली. तिला ते कळलं असावं.

तिसऱ्या दिवशी आम्ही तिघी कशेळीला गेलो. कनकादित्य हे सूर्याचं देऊळ. आपल्याकडे सूर्याची देवळं मोजकीच. शिलाहार राजा दुसरा भोज याचा ताम्रपट या देवळाशी जोडलेला आहे, म्हणजे बाराव्या शतकातही त्याचं नाव होतं. सांगतात ते असं: सौराष्ट्रातून मूर्ती घेऊन दक्षिणेकडे निघालेलं गलबत कशेळीच्या समोर अडलं, काही केल्या हलेना, तेव्हा व्यापाऱ्यानं मूर्ती किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली आणि मग ते सुटलं. कनका नावाच्या कलावंतिणीला दृष्टांत झाला, तिनं मूर्ती वर आणून देऊळ बांधवलं. देवाच्या नावात तिचं नाव आधी येतं, हे मला देवळापेक्षा आवडलं.

खरी थक्क झाले ती सड्यावर. जांभ्याच्या उघड्या कातळावर कोरलेला प्रचंड हत्ती, पन्नास फुटांहून लांब. उभं राहून दिसतच नाही. त्याच्या कडेनं चालत जावं लागतं तेव्हा पाय, सोंड, पाठ जुळत जातात. आणि त्याच्या पोटात लहानमोठे कितीतरी प्राणी, मासे, पक्षी. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर अशी कातळशिल्पं गेल्या काही वर्षांत शेकड्यांनी उजेडात आली; कशेळी, बारसू, रुंढेतळी, देवाचं गोठणं ही ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. ती कुणी कोरली हे लिहून ठेवलेलं नाही. लेखनाच्या आधीच्या काळातली ती मानतात. ज्यांनी हत्ती, गेंडे कोरले त्यांनी ते पाहिले असणार. कुठं पाहिले? इथं होते, की दूर फिरून आलेल्या कुणी घरी येऊन बाकीच्यांना कातळावर काढून दाखवले? मला दुसरं खरं असावंसं वाटतं. पुरावा काही नाही, हौस आहे.

मामी हत्तीच्या सोंडेवर बसून पाय चोळत म्हणाली, “इथनं गुरं घेऊन लहानपणी शंभरदा गेलो असू. हत्ती हाय हे ठाऊक नव्हतं. रेषा वाटायच्या.”

मग तिनं विचारलं, “वन्सं सांगत होत्या तू फार लांब जायचं म्हणतेस. कुठं गो?”

मी फोनवर नकाशा काढला. मंडाले दाखवलं, मधला समुद्र दाखवला.

“थिबाराजाचं गाव,” ती म्हणाली. “लांब हाय. मला मेलीला पुण्यालापण कोण नेत नाय.”

आई कातळाकडे बघत राहिली. मी पन्नाशीला आलेय. या बाईच्या हातची भाकरी खाऊन किती सुट्ट्या काढल्या, आणि तिला कुठं जायचं असेल हा प्रश्न माझ्या मनात एकदाही आला नव्हता. एकोणीस नावांपैकी कुणाच्याच आला नसावा. ती घरी असते, हे आम्ही समुद्र तिथं असतो तसं धरून चाललो होतो.

निघायचं ठरल्यावर तिनं शंभर अडचणी काढल्या. तुळस, मांजर, देवाजवळचा दिवा. तो दिवा तिच्या सासूपासून एकदाही चुकलेला नाही. माडावरून झावळ पडली तर कौलं फुटतील. आई म्हणाली, “वहिनी, फुटू देत.” हे वाक्य आईच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

चौथ्या दिवशी दुपारी मामीनं पिवळ्या सुती दोऱ्यातली किल्ली नेपाळी बाईच्या हातात दिली. वाती डब्यात, तेल फडताळात, आगपेटी देव्हाऱ्याच्या उजवीकडे. मांजराला भात, दूध नको. हिंदी आणि मराठी आलटून पालटून, तीन वेळा. ती प्रत्येक वेळी “हो आमा” म्हणाली. मामीचं सामान म्हणजे एक पिशवी आणि आमच्यासाठी अर्धं पोतं तांदूळ. पाखाडी चढताना ती दोनदा मागं वळली, कौलं मोजल्यासारखी.

घाट चढेपर्यंत ती गप्प होती. वर आल्यावर आईनं पाट्या वाचायला सुरुवात केली, आणि एका वळणानंतर मामीही. आता दोघी. दुकानं एकीची, गावांची नावं दुसरीची.

पाटणला पोचलो तेव्हा अंधार पडत होता. माझा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. पडद्यावर आधी बोट, मग काळोख, मग देव्हारा आणि त्यात लावलेला दिवा. “आमा, देखो.”

मामीनं चष्मा लावला, फोन डोळ्यांजवळ धरला.

“वात मोठी झालीय,” ती म्हणाली. “जरा मागं सार.”